हजार किलोमीटरने हात बसत नाही

माझ्या भाच्याने दिवाळीत सव्वाशे सीसीची नवी गाडी घेतली. ठाण्यात कासारवडवलीहून वागळे इस्टेटला रोज घोडबंदर रोडने कामावर जातो. मध्यंतरी त्याने घरच्या ग्रुपवर 'नव्या रायडरसाठी पाच सोनेरी नियम' असा मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "मावशी, माझे हजार पूर्ण झाले, आता टेन्शन घेऊ नकोस." तोच मेसेज त्याआधी मला ऑफिसातल्या दोघांकडूनही आला होता, म्हणजे जोरात फिरतोय. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मेसेज थोडक्यात असा: पहिले हजार किलोमीटर न पडता झाले की हात बसला. पुढच्या ब्रेकला हात लावू नका, गाडी उलटते. पावसात टायरची हवा कमी ठेवा. शहरात हेल्मेट नको, हॉर्न ऐकू येत नाही. आणि अपघात भीतीमुळे होतात, म्हणून जुन्या रायडरच्या मागे त्याच्याच स्पीडने चालवा.

पहिला नियम सगळ्यात घातक, कारण तो पटतो. रोज ठाण्यातल्या ठाण्यात वीस-पंचवीस किलोमीटर धरले तर हजार व्हायला जेमतेम दोन महिने लागतात. तेवढ्यात क्लच सोडता येतो, सिग्नलला गाडी बंद पडत नाही, गिअर बघावा लागत नाही. पण माजिवड्याला रिक्षा अचानक आडवी आली तर हात काय करतील, हे या हजार किलोमीटरांत कळलेलंच नसतं. पडलो नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की अजून वेळ आली नाही.

साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस भागातले ९०० मोटारसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले होते. अहवाल १९८१ साली आला. जुना आहे, परदेशातला आहे, मान्य. पण त्यातलं हे वाचा: अपघातात सापडलेल्या निम्म्याहून जास्त चालकांचा त्या गाडीवरचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता. हे लोक अगदी नवखेही नव्हते, रस्त्यावर गाडी चालवायला लागून त्यांना सरासरी जवळपास तीन वर्षं झाली होती. ९२ टक्के लोक आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. आपल्याकडे तरी दुसरं काय होतं? आणि टक्कर टाळायला हातात असलेला वेळ साधारण दोन सेकंदांहूनही कमी.

त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी काय केलं, तेही अहवालात आहे. मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवलं आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही. मेसेज नव्या मुलांना नेमकं हेच करायला सांगतोय. मला राग येतो तो इथे.

ब्रेक लागला की वजन पुढे येतं. मागे बसलेला माणूस पाठीवर आदळतो तो त्यामुळेच. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं, त्यामुळे गाडी थांबवायची मुख्य ताकद पुढच्या चाकात असते. मेसेज आला त्या आठवड्यातच भाच्याला सोसायटीमागच्या रिकाम्या रस्त्यावर नेलं, खडूने रेघ मारली आणि तीसच्या स्पीडने येऊन रेघेवर ब्रेक मारायला सांगितलं. आधी फक्त पायाने. मागचं चाक फरपटत, डावीकडे सरकत गेलं, डांबरावर काळा पट्टा उमटला. मग दोन्ही ब्रेक, पुढचा लिव्हर एकदम न ओढता दाबत दाबत नेऊन. गाडी त्या पट्ट्याच्या निम्म्यातच थांबली. तो गाडीवरून उतरून पट्टा बघत राहिला. शिवाय २०१९ मध्ये सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा) किंवा एबीएस (ब्रेक लागताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक झालं. सीबीएस असेल तर पायातला ब्रेक दाबला तरी पुढचा थोडा लागतोच. पुढचा ब्रेक इतका वाईट असता तर तो असा मुद्दाम जोडला असता का?

पुढच्या ब्रेकच्या या नियमात थोडं खरं आहे, तेही सांगते. गाडी वळणात झुकलेली असताना, डंपरमधून सांडलेल्या खडीवर किंवा मेट्रोच्या कामाजवळच्या ओल्या लोखंडी प्लेटवर पुढचा ब्रेक झटक्यात ओढला तर गाडी घसरते. म्हणून तिथे पोहोचायच्या आधीच स्पीड कमी करायचा. चाळीसवरून साठवर गेलात की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुपटीहून जास्त होतं, हे लक्षात ठेवा.

टायरची हवा कंपनीच्या स्टिकरवर लिहिलेली असते, तेवढीच ठेवायची. हवा कमी केली की टायरच्या खाचांतून पाणी नीट बाहेर फेकलं जात नाही. हेल्मेटबद्दल हर्ट यांचाच अहवाल सांगतो की त्यामुळे रस्त्यावरचे महत्त्वाचे आवाज दबत नाहीत आणि नजरेलाही अडथळा येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये शहर आणि हायवे असा भेदही नाही. यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

राहिली भीती. घाबरलेला माणूस हँडल आवळून धरतो, खड्ड्याकडे टक लावून बघतो आणि खड्ड्यातच जातो. हे मी नाकारत नाही. पण त्यावर उपाय म्हणून दुसऱ्याचा स्पीड धरायला सांगणं भयंकर आहे. घोडबंदर रोडवरच्या गायमुख घाटात जुना रायडर वळणाच्या बराच आधी गिअर उतरवतो, आतल्या कडेची खडी त्याला आधीच दिसलेली असते, शेजारचा ट्रेलर कुठे दाबणार याचा अंदाज असतो. मागच्या मुलाला त्याच्या मागच्या दिव्याखेरीज काही दिसत नाही. तो दिवा पेटला की हाही ब्रेक मारतो, तेही वळणात शिरल्यावर.

रविवारी पहाटे फाउंटन हॉटेलच्या दिशेने ग्रुप काढणाऱ्या सीनियर मंडळींनाही माझं सांगणं आहे. नव्या मुलाला शेवटी ठेवू नका. शेवटचा माणूस अंतर भरून काढायला सतत पळत असतो. त्याला पहिल्या गाडीच्या लगेच मागे घ्या, आरशात तो दिसत राहील इतकाच स्पीड ठेवा, आणि घाट संपल्यावर थांबून त्याला विचारा की कुठे जमलं नाही.