दाराच्या रबराला खोबरेल? मामा, जरा थांबा

गल्लीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा पुन्हा फिरला. या खेपेला आमच्या मामांनीच टाकला, खाली हात जोडलेले तीन इमोजी. ‘गाडी दहा वर्षं नवी ठेवा’ असं वर लिहिलेलं आणि खाली पाच सूचना. दारांच्या रबराला दर आठवड्याला खोबरेल नाहीतर व्हॅसलीन चोळा, म्हणजे धूळ बसत नाही. फटीतली माती प्रेशरच्या पाण्यानं उडवा. दाराखालची भोकं एम-सीलनं बुजवा, धूळ आत जात नाही. रबराच्या जागी रंग गेला तर कंपनीचा रंगच हलका समजा. आणि गेलाच तर सोडून द्या, आतल्या बाजूला बघतंय कोण?

मामांचा राग नाही. हा मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा मी स्वतः त्यातली पहिली सूचना पाळली होती, सलग दोन हिवाळे. त्याचं फळ मागच्या डाव्या दाराला अजून दिसतं.

म्हणून आधी खोबरेलच. बेळगावची थंडी आपल्याला ठाऊक आहे. बाथरूममधली तेलाची बाटली सकाळी चुलीजवळ नेल्याशिवाय तेल सुटत नाही, कारण खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठायला लागतं आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 15 च्या आसपास असतो. तेच तेल रबराच्या घडीत पांढरं होऊन बसतं, दुपारी उन्हात पातळ होतं, रात्री परत घट्ट. या सगळ्या वेळात त्याला हवी ती माती मिळतच असते. जांभोटीहून येताना लाल, सौंदत्तीकडून येताना काळी, उद्यमबागेत गाडी लावली तर फाउंड्रीची वाळू, आणि निपाणी-चिकोडीकडे उसाचं गाळप चालू असेल तर कारखान्याच्या चिमणीतून उडालेली राख. कोरड्या रबरावरची धूळ निदान कापडानं निघते. तेलावरची निघत नाही, मुरते.

दुसऱ्या हिवाळ्यानंतर मी त्या दाराचं रबर बोटानं उलटवून आत जुनं धोतराचं फडकं फिरवलं. बाहेर आलं ते कुंकवाच्या लगद्यासारखं होतं. चिमटीत चोळलं तर कचकच वाजलं. आणि रबर जिथं टेकतं तिथं, चाकाच्या कमानीला लागून, चौकटीवर करंगळीएवढा पट्टा मेलेला. चकाकी गेलेली, आणि मधोमध करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, वर आलेला.

खरा दोषी ही कचकच आहे, रबराचा कोरडेपणा नव्हे. चालत्या गाडीत दार बंद असलं तरी गप्प नसतं. चोर्ला घाटाच्या रस्त्यावर एक फेरी मारा, सांगाडा किती पिळवटतो ते कळतं. दार चौकटीवर केसभर पुढं-मागं सरकतं, असं हजारो वेळा. वाळूतल्या गारगोटीचा कडकपणा मोह्‌सच्या मापावर 7, साध्या सुरीच्या पोलादाचा साडेपाचच्या आसपास. गाडीचा रंग या दोघांपुढं लोणी. बाहेरच्या पत्र्यावर सगळे थर मिळून रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या दीड-दोन पट, आणि दाराच्या आतल्या कडांना बहुतेकदा त्याहूनही पातळ. रबर आणि रंग यांच्यामध्ये तेलात कालवलेली वाळू ठेवली की पॉलिश पेपर तयार झाला. तो आपणच, आपल्या हातानं, दर रविवारी लावायचा.

व्हॅसलीनची गोष्ट आणखी वाईट. दाराचं रबर बहुतेक गाड्यांत ईपीडीएम या कृत्रिम जातीचं असतं. ऊन, पाऊस, ओझोन यांना ते खमकं, म्हणूनच तिथं वापरतात. पण पेट्रोलियमपासून बनलेलं काहीही त्याला सोसत नाही. व्हॅसलीन, ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल, सगळं ते शोषून घेतं आणि फुगतं. काही वॉशिंग सेंटरवर बीडिंग काळंभोर दिसावं म्हणून डिझेलचं फडकं फिरवतात, तेही त्यातच आलं. माझं रबर बदलताना फिटरनं जुनं दाबून बघितलं आणि कानडीत म्हणाला, “रबर एण्णी कुडदैत्री.” तेल प्यायलंय. एवढ्या तीन शब्दांत त्यानं माझे दोन हिवाळे काढले. फुगलेलं रबर खोबणीत नीट बसत नाही, दार जोरात आपटावं लागतं, आणि दाब वाढला की घासणंही वाढतं.

मग करायचं काय? आधी ओलं, मग पुसणं. कोरडं फडकं कधीच नाही, त्यानं वाळू ओढली जाते आणि ओरखडे तुम्हीच पाडता. बादलीत चार थेंब गाडीचा शाम्पू, एक मऊ फडकं रबराला, दुसरं चौकटीच्या रंगाला. दोन्ही पुसा. सगळे फक्त रबर पुसतात, आणि रबर जिथं टेकतं ती रंगाची पट्टी तशीच राहते. रबराची पाळ बोटानं उलटवून खालचे कोपरे बघा, सगळी घाण तिथंच उतरते. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पुरे. पावसात खानापूरच्या पलीकडं जाऊन आलात तर त्याच दिवशी. वाळल्यावर हवंच असेल तर सिलिकॉन ग्रीस, वाटाण्याएवढं, फडक्यावर घेऊन, आणि हाताला चिकट लागणार नाही इतकं पुसून. स्प्रे असेल तर तोही फडक्यावरच मारा. सिलिकॉन रंगाच्या पत्र्यावर उडालं आणि पुढं तिथं टचअप करायची वेळ आली, तर नवा रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल फाटतो आणि पेंटर तुमच्या नावानं खडे फोडतो. चौकटीच्या रंगाला नुसतं वॅक्स चालतं. जिथं घासतंय हे कळलंय तिथं पारदर्शक फिल्मची बोटभर रुंद पट्टी चिकटवली तर सगळ्यात उत्तम. मग घासायचं ते फिल्म घासेल.

प्रेशरच्या पाण्याबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. नळी लांब धरून वरवरची माती धुवायला हरकत नाही. फटीत जवळून मारली तर वाळू निघण्याऐवजी आत ढकलली जाते आणि रबराची कड उचकटते.

भोकांवर मात्र थांबायला हवं, कारण पाचांतली सगळ्यात घातक सूचना ही. दाराखालची ती दोन-तीन चिरांसारखी भोकं कारखान्याची चूक नाही. पाऊस काचेवरून ओघळतो, काचेच्या पट्टीतून थोडा दारात उतरतो, उतरणारच, आणि त्या भोकांतून खाली जातो. दार तसंच बांधलेलं असतं. तो रस्ता बुजवला की कणकुंबीच्या पावसात दाराची घागर होते. दार उघडताना आत डचमळ ऐकू आली तर समजा झालंच. पाणी साठतं, खालची शिवण आतून गंजते, आणि बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो. एम-सील राहू द्या, आपल्याकडची लाल मातीसुद्धा ही भोकं फुकट बुजवते. परीक्षा सोपी आहे. काच बंद करून तिच्या बाहेरच्या बाजूनं तांब्याभर पाणी हळूहळू ओता. खालून टपटपायला हवं. नसेल येत तर प्लास्टिकची केबल-टाय भोकात घालून फिरवा. तार नको, आतला रंग खरवडतो.

आता कंपनीचा रंग हलका, हा मुद्दा. काही वेळा असेलही, मी कुणाची वकिली करत नाही. पण शेजारी लावलेल्या दोन गाड्या बघा, एकच मॉडेल, एकच साल, एकाच रंगाच्या. एकीच्या चारही दारांना काही नाही, दुसरीच्या फक्त ड्रायव्हरच्या दाराला पट्टा. रंग हलका असता तर चारही दारांना दिसला असता. ड्रायव्हरचं दार दिवसातून दहादा उघडतं, उतरताना आपण त्यावर रेलतो, बिजागरं खचतात, दार खाली बसतं आणि एकाच कोपऱ्यात दाबतं. दार लावताना शेवटच्या क्षणी किंचित वर उचललं जात असेल तर आधी बिजागर बघून घ्या. रंगाचं नंतर.

राहता राहिलं ‘कोण बघतंय’. गंज बघतो. रबराखाली ओल टिकते, ऊन लागत नाही, उघड्या पत्र्याला याहून वाईट जागा नाही. प्रायमर दिसू लागला की डाग नखाएवढा असतानाच स्वच्छ करून, वाळवून, प्रायमर आणि मग टचअप रंग द्या. माझा नखाएवढा होता तेव्हा मी बघितलं नाही, करंगळीएवढा झाल्यावर बघितलं.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मामांनी उत्तर दिलं नाही. रात्री साडेदहाला फोन आला, आवाज खाली. “ते एम-सील वाळल्यावर निघतंय काय रे?” निघतं म्हटलं. हेअर ड्रायरनं गरम करायचं, मऊ पडलं की लाकडी काडीनं उचकटायचं, स्क्रू-ड्रायव्हर घालायचा नाही. सकाळी त्यांच्या अंगणात दोघांनी मिळून काढलं. पुढच्या दाराखालून तांब्याभर लाल पाणी आलं, मागच्या दाराखालून त्याहून जास्त, आणि त्याच्याबरोबर एक गंजलेला क्लिप.