धुरी कवचापुरतीच

‘उबवणीची अंडी आयात केली तर धोका कमी, कारण फ्युमिगेशनने साल्मोनेला मरतो’ हे लेखातलं वाक्य खटकलं. फॉर्मेलिनची धुरी मारते ती कवचावरचे जंतू. पुलोरम हा साल्मोनेलाचाच प्रकार, पिल्लांना पांढरी हगवण लावणारा; तो कोंबडीच्या अंडाशयात बसलेला असतो, तो कवच तयार होण्याआधीच बलकात पोचतो. तिथे कसली धुरी अन् कसलं काय! म्हणून खरा प्रश्न अंड्यांचा नाही, ती घालणाऱ्या कळपाचा आहे: त्याची तपासणी किती वेळा झाली?

मी नऊ वर्षं हॅचरीत, म्हणजे अंडी उबवणी केंद्रात काढली. एका बॅचमध्ये पिल्लं तिसऱ्या दिवसापासून पंख खाली पाडून ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली गोळा व्हायला लागली, शेपटीखाली चुन्यासारखी पांढरी विष्ठा चिकटलेली. पेरेंट कळपाचा, म्हणजे ती अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचा दाखला मात्र स्वच्छ होता! रक्तचाचणी झाली होती, पण पक्षी चार महिन्यांच्या आतले असताना, आणि त्या वयात ती भरवशाची नसते. तेव्हापासून पिल्लांच्या खोक्यात खाली अंथरलेले कागद आणि कवचात मेलेली पिल्लं प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय आम्ही कुठलाच लॉट मोकळा केला नाही. लेखात या नमुन्यांबद्दल एक ओळही नाही.