उभ्याने ऐकायचं संगीत

मेटलच्या, म्हणजे ‘हेवी मेटल’ या दणदणीत रॉक संगीताच्या कार्यक्रमात कानांना त्रास होतो असं ज्यांना वाटतं, ते बहुधा पुण्यात राहत नसावेत. आमच्या घराजवळ नदीपात्रात गणपतीच्या आधी दीड-दोन महिने ढोलपथकांचा सराव चालतो. एवढं पचवलेल्या कानांचं चार गिटारवाले काय वाकडं करणार? त्रास होतो तो पायांना. तिकिटावर ‘स्टँडिंग’ असं छापलेलं असतं आणि अख्ख्या जाहिरातीत तेवढा एकच शब्द तंतोतंत खरा असतो. दुपारी तीनला उभं राहायचं आणि रात्री दहाला, पाय अजून आपलेच आहेत ना हे चाचपत बाहेर पडायचं.

मेटल हे माझं वेड नव्हे, बायकोचं. मी सवाई गंधर्व महोत्सवातला माणूस. सतरंजी, उशी, शाल आणि मागच्या रांगेतल्या कोणाशी तरी ‘यंदा आवाज जरा बसलाय’ एवढं बोलणं, ही माझी संगीतसाधना. बायको दादरची. कॉलेजात असताना घरी ‘प्रॅक्टिकल आहे’ असं सांगून ती धोबी तलावच्या रंगभवनात ‘आय-रॉक’ला जायची. १९८६ साली सुरू झालेला तो मेळा, ‘इंडिपेंडन्स रॉक’. पुढे आजूबाजूची हॉस्पिटलं आणि कॉलेजं मोजून तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन मुकं झालं. बायको बँकेत लागली, कर्जविभागात स्थिरावली. तिच्या हाताखालच्या मंडळींची अजून अशी समजूत आहे की मॅडम हेडफोन लावून भावगीतं ऐकतात.

या सगळ्यात एक जुनी जखम आहे. १ फेब्रुवारी २००८ रोजी ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश मेटल बँडने आपल्या जागतिक दौऱ्याचा नारळ मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात फोडला. आमची मुलगी तेव्हा तान्ही होती आणि नेमका तिला ताप होता. बायको गेली नाही. आता यात माझा काय दोष? पण त्या बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन हा वैमानिकही आहे, आणि त्या दौऱ्यात बँडचं बोइंग ७५७ तो स्वतः चालवत होता. त्यामुळे गेली कित्येक वर्षं आमच्या घरातलं कुठलंही भांडण, अगदी गॅसचा नंबर लावण्यावरून सुरू झालेलंसुद्धा, एकाच वाक्यावर संपतं : “तो माणूस लंडनहून विमान चालवत आला, आणि तुला मला वांद्र्यापर्यंत सोडता आलं नाही!”

म्हणून बंगळुरूला चार परदेशी-देशी बँडांचा एकत्र कार्यक्रम आहे असं कळलं, तेव्हा मी वाद घातला नाही. मुलीला विचारलं. तिने कोरियन गाण्यातून मान वर करून “मेटल? ते तुमच्या वयाच्या लोकांचं असतं ना?” असं विचारलं आणि मान परत खाली घातली. रात्रीच्या बसची तिकिटं दोनच काढली.

मैदान शहराबाहेर होतं. फाटकावर झडती. पाण्याची बाटली काढून घेतली, कारण पाणी आत विकत मिळतं, आणि विकत मिळतं त्या बाटलीचं झाकण काढून ठेवतात, म्हणजे ती कोणी कोणाला फेकून मारू नये. अर्धी बाटली पिऊन उरलेली पिशवीत टाकायची सोय नाही. ती हातात उभी धरायची. म्हणजे माणूसही उभा, बाटलीही उभी. मी दूरदृष्टीने एक घडीची तिपाई नेली होती. सुरक्षारक्षकाने ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि “अंकल, ये वेपन है” असा निर्णय दिला. काटेरी पट्टे, साखळ्या, खिळे ठोकलेली मनगटबंदं यांच्या ढिगावर त्याने माझी तिपाई ठेवली. मी तिच्याकडे वळून वळून बघत आत गेलो.

आत शिरताच मला पहिल्यांदा बरं वाटलं, कारण व्यवस्था ओळखीची होती. सवाईत असतं तसंच : धाकटा आधी, थोरला शेवटी. दुपारच्या उन्हात पहिला मान स्थानिक पोरांच्या बँडचा. सवाईत त्या वेळी येणाऱ्या तरुण गायकाच्या वाट्याला निदान मुलतानी राग तरी येतो. या पोरांच्या वाट्याला फक्त ऊन आलं. त्यांच्या पाठीमागे काळ्या कापडाने झाकलेला एक प्रचंड डोंगर होता. “तो शेवटच्या बँडचा ड्रमसेट,” बायको म्हणाली. “हलवत नाहीत तो. बाकीच्यांनी त्याच्या पुढे मावायचं.” पोरं त्या डोंगराच्या पायथ्याशी दोन हात जागेत जीव तोडून वाजवत होती. त्यांचा आवाजही जरा दबका ठेवला होता. पाहुण्यांचा मोठा वाटला पाहिजे ना! घराणी कुठेही जा, सारखीच.

खरा फरक मधल्या वेळात कळतो. सवाईत तानपुरे लागेपर्यंत माणूस बटाटेवडा खाऊन येतो, कारण सतरंजी आपली जागा राखून असते. इथे हललात की जागा गेली. त्यामुळे वायर गुंडाळणाऱ्या माणसाला हजारो लोक उभ्या उभ्या बघत राहतात. एक तंत्रज्ञ येतो आणि बेस ड्रमवर पाय मारतो : धप्. थांबतो. धप्. ध्वनीयंत्रणेवरचा माणूस लांबून मान हलवतो. धप्. याला लोक टाळ्या देतात. पाऊण तास ते ‘धप्’ ऐकल्यावर मीही दिली. त्याची लय पक्की होती.

या रिकाम्या वेळात बायको मेटलपुराण सांगते, आणि ते मात्र ऐकण्यासारखं आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा नेमका तोच हात. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, आणि पुढे बोटांना सोपं जावं म्हणून ताराही सैल केल्या. सूर खाली उतरला, जड झाला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडची पहिली तबकडी १९७० साली आली होती; पुढच्या तबकड्यांमधून तो जडपणा जगभर गेला. हे ऐकून मला त्या पायथ्याशी वाजवणाऱ्या पोरांबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. आणि ती तर्जनी-करंगळी वर करून दाखवायची खूण? मी तिला आजवर सैतानाची समजत होतो. ती रुजवली रॉनी जेम्स डिओ या मेटल गायकाने, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे तो ती त्याच्या इटालियन आजीकडून शिकला. आजी दृष्ट लागू नये म्हणून तशी बोटं करायची! म्हणजे माझ्या आजूबाजूला कवट्या छापलेले काळे टी-शर्ट घालून हजारो दाढीवाले एकमेकांची दृष्ट काढत होते. मीठ-मोहऱ्या तेवढ्या नव्हत्या.

दुसरा बँड नॉर्वेचा. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काळा, मुद्रा प्रेताची. हा अवतार बर्फात उठून दिसत असणार. बंगळुरूच्या चार वाजताच्या उन्हात तो वितळायला लागला. तिसऱ्या गाण्यापर्यंत गायकाचं प्रेत घामाने धुऊन निघालं आणि आतून एक गोरागोमटा, काळजीत पडलेला गृहस्थ दिसू लागला. शब्द काही कळले नाहीत. बायकोने दिलेले स्पंजचे बोळे कानात घालूनही कळले नाहीत आणि काढूनही नाहीत. पण बड्या ख्यालातल्या बंदिशीचे शब्द आपल्याला कळतात असं छातीवर हात ठेवून कोणी सांगावं, मग याबद्दल बोलू.

तिसऱ्या बँडच्या आधी माझी या क्षेत्रातली कामगिरी ठरली. शेजारचा एक पोरगा, खांद्यापर्यंत केस, जाकिटावर ठिगळंच ठिगळं, अदबीने म्हणाला, “अंकल, आप यहीं हो ना? बॅग पकडोगे?” मी पकडली. ते बघून त्याच्या मित्राने बॅग दिली. मग कोणी चष्मा, कोणी फोन, एका मुलीने दम्याचा पंप आणि वर सूचना : “मी हात केला तर पटकन द्या हं.” ती नाशिकची निघाली. पुढचा तासभर मी त्या मैदानावरचा सर्वांत विश्वासू माणूस होतो. आणि मग बायकोने रुमालात गुंडाळून मंगळसूत्र माझ्या हातात दिलं. वर कानातली. वर चष्मा.

“अगं, कुठे निघालीस?”

“पिटमध्ये. नीट सांभाळ, मागच्या वर्षीच वाटी बदलून घेतलीय.”

पिट म्हणजे गर्दीच्या मध्ये पडलेलं रिंगण. कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी अशा गर्दीचे व्हिडिओ बघून २०१३ साली चक्क शोधनिबंध लिहिला. ‘मॉश पिट’मधली, म्हणजे अशा धक्काबुक्कीच्या रिंगणातली माणसं वायूच्या रेणूंसारखी एकमेकांवर आदळतात, असं त्यांना आढळलं. आणि रिंगणात धावायला लागली की शंभरातली पंचाण्णव रिंगणं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. हे वाचलेलं मला नेमकं त्या क्षणी आठवलं, आणि पोटात गोळा आला. कारण बायको सिद्धिविनायकाच्या अंगणात वाढलेली. देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं हे तिच्या पायांत मुरलेलं आहे.

व्हायचं तेच झालं. गायकाने हाताने हवेत वर्तुळ काढलं, रिंगण सुटलं, आणि माझी बायको कमरेला ओढणी खोचून यथासांग प्रदक्षिणेला निघाली. समोरून अडीचशे पोरं उलटी येत होती. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा रिंगणाचा एक कोपरा थबकला होता. सहा फुटी, कपाळावर घामाने केस चिकटलेला एक राक्षस तिला दोन्ही खांद्यांना धरून अलगद वळवत होता. “आंटी, उल्टा, उल्टा!” तिने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्याबरोबर धावत सुटली. दर फेरीला ती माझ्यासमोरून जाताना हात करायची. मी हात करू शकत नव्हतो. माझ्याकडे लोकांच्या वस्तू होत्या.

एकदा ती पडली. पडल्याबरोबर चार जणांनी काखेत हात घालून उभी केली, धूळ झटकली आणि पुन्हा ढकलून दिली. विसर्जन मिरवणुकीत माझ्या पायावर पाय देऊन गेलेल्यांनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं, हे जाता जाता नोंदवतो.

शेवटचा बँड जर्मन. जर्मन म्हणजे वेळेचे पक्के, पण आधीच्या सगळ्यांनी मिळून त्यांचा जवळजवळ तास खाल्ला होता. आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक नाही, हा नियम मेटललाही लागू आहे, सवाईलाही. एकेकाळी सवाई पहाटेपर्यंत चालायचा, भैरवी उजाडताना व्हायची. ते याच नियमाने गेलं, तेव्हा मी फार हळहळलो होतो. इथे मला प्रथमच त्या नियमाचं सौंदर्य कळलं. पावणेदहा झाले आणि रंगमंचाच्या कडेला दोन पोलीस येऊन उभे राहिले. माझे गुडघे त्यांच्याकडे कृतज्ञतेने बघत होते. एरवी बँड निरोप घेऊन आत जातो, लोक ओरडतात, मग तो ठरल्याप्रमाणे परत येतो. इथे गायकाने सांगून टाकलं की आत जाऊन यायला वेळ नाही, तेव्हा आम्ही गेलो आणि तुम्ही बोलावलंत असं समजा. लोक ओरडले. दहाला आवाज बंद. वस्तूंचे मालक एकेक करून आले, “थँक्यू अंकल” म्हणाले, आणि दम्याचा पंप नेणाऱ्या नाशिकच्या मुलीने वाकून नमस्कार केला. तिपाई मिळाली नाही. काटेरी पट्टे मात्र सगळ्यांचे परत मिळाले.

सोमवारी बायको बँकेत गेली ती मान एकाच बाजूला वळवत. “झोपेत अवघडली,” असं तिने हाताखालच्यांना सांगितलं. संध्याकाळी मी तिला ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला २००८ सालचा एक लेख वाचून दाखवला. हेतू अर्थातच तिला परावृत्त करण्याचा होता. मान झटकायच्या गाण्यांची सरासरी लय मिनिटाला १४६ ठोक्यांची असते, आणि त्या लयीत मान पंच्याहत्तर अंशांच्या वर हलवली तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते, असं त्या संशोधकांनी हिशेबाने मांडलं आहे. बायको मान न वळवता, सगळी बसूनच माझ्याकडे वळली.

“उपाय काय दिलेत?”

“संथ गाणी ऐकावीत.”

“पुढे.”

“संरक्षक साधनं वापरावीत. किंवा...” इथे मी थांबायला हवं होतं, “एक ठोका सोडून एका ठोक्यावर मान हलवावी.”

“हे तुमच्या तीनतालात बसेल ना?”

“बसेल की! सम धरायची, दुसरी मात्रा सोडायची, तिसरी...”

“मग पुढच्या वेळी तू शेजारी उभा राहून मोजायचं,” ती म्हणाली. “बॅगा दुसरं कोणीतरी धरेल.”