त्या दोन वायरींनी जीव खाल्ला

लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलणं म्हणे पाच मिनिटांचं काम. एक स्क्रू, २२ बाय ३० मिलिमीटरचा तुकडा, जुना काढा, नवा सरकवा. आणि मग त्या अँटेनाच्या वायरी! एक काळी, एक पांढरी, टोकाला मोहरीएवढी टोपी. हळू दाबावं तर निसटते, जोर लावावा तर चेपते. काल अर्धा तास नखाने ढोसत बसलो; एक बसली की दुसरी टुणकन उडते. शेवटी ‘टक्’ झालं, झाकण लावलं, तर एक वायर कडेला चिमटलेली. उघडा परत.

बरं, एवढं करून चालेल याची खात्री नाहीच. मागच्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, मंजूर कार्डांची यादीच कोंबलेली. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होईना. अरे, पैसे मी मोजलेत ना?

सीएनव्हीआय नावाच्या इंटेलच्या वायफाय कार्डाचं आणखी वेगळंच. खाच तशीच, आकार तोच, पण निम्मं काम मशीनमधल्याच चिपसेटकडे, म्हणजे प्रोसेसरच्या जोडीच्या चिपकडे. ती सोय नसलेल्या मशीनमध्ये घातलं की ढिम्म. खोक्यावर हे ठळक छापायला काय जातं?

आता तर कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये वायफाय थेट बोर्डावर सोल्डर केलेलं. मिटलं भांडण!