सीमाभागाचा पाळक घडवायचा कुठे?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सध्या दोन गोष्टींवरून वाद पेटलाय. रविवारची भक्ती मराठीतच ठेवायची की मराठी-कानडी मिळून करायची, हा एक. पाळक म्हणजे मंडळीचा धर्मगुरू; त्या पाळकपणाच्या शिक्षणाची ओढ असलेल्या आमच्या एका तरुणाला पुण्या-बंगळूरच्या सेमिनरीत कधी पाठवायचं, हा दुसरा. पहिल्यावर सगळे तावातावाने बोलतात. दुसरा खर्चाचा विषय म्हणून खजिनदाराच्या गळ्यात पडतो. कुवेतमध्ये बसून हे ऐकताना मला राहून राहून वाटतं, जीव तोडून बोलायला हवं ते दुसऱ्यावर.

इथे आमची भक्ती शुक्रवारी होते, कारण रविवारी कामावर जावं लागतं. कुवेत सिटीतल्या नॅशनल इव्हँजेलिकल चर्चच्या आवारात मल्याळी, तमिळ, तेलुगू, अरबी, फिलिपिनो अशा कित्येक मंडळ्या एकाच जागेत वेळ वाटून घेतात. एकीची उपासना संपते, खुर्च्या सरळ होतात, दुसरी आत येते. व्हिसा नोकरीशी बांधलेला, त्यामुळे पगारी पाळक ठेवणं फार थोड्यांना जमतं. बाकी ठिकाणी वचन सांगणारा माणूस आठवडाभर स्टोअरकीपर असतो, नर्स असतो, क्रेन चालवतो. आम्हा मराठी कुटुंबांची प्रार्थना घरातच होते आणि ती चालवणारे भाऊ एसी दुरुस्तीच्या कामावर आहेत. कुणाचा पगार अडकला, घरकामाला आलेल्या एखाद्या बाईचा पासपोर्ट मालकाने दाबून ठेवला, कुणी वारलं आणि देह गावी पाठवायचा झाला, की पहिला फोन यांना जातो. दूतावासात कुठला कागद लागतो हे त्यांना पाठ आहे. त्यांचा उपदेश ऐकताना कळतं की हा माणूस काल रात्री दवाखान्यात बसून आलाय.

असे लोक शिकतात कसे? कामावरून आल्यावर पाठ्यपुस्तक घेऊन बसतात आणि आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाबरोबर चर्चा करतात. या पद्धतीची सुरुवात 1963 मध्ये ग्वाटेमालात झाली. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीला दिसलं की राजधानीत शिकलेली मुलं खेड्यात परत जात नाहीत आणि खेड्यातल्या मंडळ्या जे सांभाळतात, त्यांना घरदार सोडून राजधानीत येता येत नाही. म्हणून शिक्षणच त्यांच्या दारात नेलं. भारतात बंगळूरच्या टॅफ्टी या संस्थेने 1971 पासून हेच काम हाती घेतलं. बंगळूर आपल्यापासून रात्रभराच्या रेल्वेवर आहे, तरी आमच्या बैठकीत टॅफ्टीचं नाव कुणी काढल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता गावाकडचं काम बघा. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या पाळकाला दफनभूमीच्या जागेसाठी तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो, तो कानडीत. मयताच्या घरी बायका मराठीत रडतात आणि हुबळीहून आलेले पाहुणे कानडीत धीर देतात. तो दोघांच्या मध्ये उभा. मुलाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी बाप विचारतो, जातीच्या दाखल्यावर काय लिहू? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. या प्रश्नामागे त्या घराची भूक आहे, भीती आहे आणि विश्वासही आहे. पाळकाने तिथे नुसतं ‘प्रार्थना करू या’ म्हणून उठणं मला क्रूरपणाचं वाटतं. प्रार्थना करावीच, पण आदेश काय आहे तेही त्याला ठाऊक असावं.

2021 च्या डिसेंबरात धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने मंजूर केलं ते आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधानभवनात. पुढच्या वर्षी कायदा झाला. धर्म बदलणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, अशी त्यात अट होती. 2023 च्या जूनमध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळाने तो मागे घ्यायचं ठरवलं. त्या काळात घरगुती प्रार्थना घेणारे किती घाबरले होते, हे फोनवर ऐकलंय मी. कुवेतमध्ये आमची सेवा आवाराच्या भिंतीआत असते, तो नियम मान्य करूनच आम्ही राहतो. भारतात संविधानाचं पंचविसावं कलम आपल्या पाठीशी आहे. पण पोलीस दारात आल्यावर ते कलम शांतपणे, आदराने सांगायला पाळकाला कुणी शिकवलंय का?

भाषेचा वाद मी हलका मानत नाही. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग ज्यांच्या ओठांवर आहेत त्या आज्ज्यांकडून मराठी भक्ती काढून घेणं अन्याय होईल. कानडी शाळेत शिकलेल्या नातवाला मात्र मराठी बायबल अडखळत वाचावं लागतं आणि तो हळूहळू मागच्या बाकावर, मग बाहेर जातो. 1820 मध्ये लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळगावात आले, पुढे ते काम मेथडिस्टांकडे गेलं. दोन शतकं या भागात मंडळी दोन्ही भाषांतच वाढली. मग पाळक एका भाषेचा का असावा? दोन्ही भाषांत उपदेश करता येणारा माणूस वेदीवर असेल, तर बैठकीतला निम्मा राग ओसरेल असं मला खरंच वाटतं.

सेमिनरी नको, असं माझं म्हणणं मुळीच नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून मराठी बायबल केलं, ते त्यांच्यामागे 1924 मध्ये छापून आलं. ती मेहनत आपला वारसा आहे. आज मोबाईलवर समृद्धीचं आश्वासन विकणाऱ्या उपदेशकांना तोंड द्यायचं तर शास्त्राचा पाया पक्काच हवा. यवतमाळला 1953 मध्ये सुरू होऊन 1983 मध्ये पुण्याला गेलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थेत तो मिळतो, पण शिक्षण मुख्यतः इंग्रजीत. कोवळ्या वयात थेट तिथे गेलेला आमचा मुलगा परत येऊन गोठ्यात बसून बोलू शकेल का, ही माझी काळजी आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोस मोठा वक्ता होता. त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. त्या तरुणाला आधी दोन वर्षं आपल्याच पाळकसाहेबांच्या हाताखाली ठेवा. त्याने टॅफ्टीचे पाठ करावेत, कानडी लिहायला-बोलायला शिकावं, दर आठवड्याला सरकारी दवाखान्यात आणि वीटभट्टीवर जावं. मग सेमिनरीत पाठवा, आणि जाताना कोणत्या मंडळीत परत यायचं ते ठरवून पाठवा. आखातातून दशमांश पाठवणाऱ्या आम्हा लोकांना मंडळी नेहमी नव्या इमारतीच्या स्लॅबसाठी पैसे मागते. यंदा स्लॅब थांबला तरी चालेल. त्या दोन वर्षांचं मानधन आणि जुन्या मोटारसायकलचं पेट्रोल आम्ही इथले चौघं-पाचजण मिळून उचलतो; हे बैठकीत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.