रिंकू सिंग मेजर लीगमध्ये खेळलाच नाही

बेसबॉलपटू आणि पुढे कुस्तीगीर झालेल्या रिंकू सिंगचा फोटो लावून एक मजकूर अधूनमधून फिरतो: ‘ट्रकचालकाचा मुलगा, गल्लीत क्रिकेट खेळणारा, टीव्हीवरच्या स्पर्धेत दहा लाख डॉलर जिंकला, मेजर लीग बेसबॉल खेळणारा पहिला भारतीय झाला, तिथे जमलं नाही म्हणून कुस्तीत गेला.’ यात ट्रकचालकाचा मुलगा आणि शेवटची कुस्ती एवढंच धड आहे.

तो क्रिकेटपटू नव्हता. कोलकात्याकडून षटकार मारणारा रिंकू सिंग अलीगढचा, हा भदोही जिल्ह्यातला. हा भालाफेक करायचा. २००८च्या ‘मिलियन डॉलर आर्म’मध्ये, म्हणजे भारतात बेसबॉल फेकणारे शोधणाऱ्या त्या टीव्ही स्पर्धेत, ३७ हजारांहून जास्त पोरांत पहिला आला तो ताशी ८७ मैलांच्या डावखुऱ्या फेकीवर. बक्षीस एक लाख डॉलर. दहा लाख स्पर्धेच्या नावात होते, त्याच्या हातात आले नाहीत.

आता मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च स्पर्धा. तिथल्या पिट्सबर्ग पायरेट्स या क्लबने त्याला नोव्हेंबर २००८मध्ये करारबद्ध केलं, आणि इथेच सगळे फसतात. मेजर लीगच्या क्लबशी करार झाला म्हणजे मेजर लीगमध्ये खेळला असं नव्हे. हे म्हणजे आयपीएल संघाच्या सरावात नेटमध्ये गोलंदाजी केली म्हणून कसोटीपटू म्हणण्यासारखं. क्लबच्या हाताखाली मायनर लीगची उतरंड असते. रिंकू २००९मध्ये तिच्या तळाला, गल्फ कोस्ट लीगमध्ये उतरला. १३ जुलैला विजयी पिचर (चेंडू फेकणारा) म्हणून त्याचं नाव लागलं. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल सामना जिंकणारा तो पहिला भारतीय नागरिक. खरा मान हा आहे, आणि मजकुरात नेमका तोच नाही.

‘जमलं नाही’ हे तर सरळ अन्यायाचं. २०१२मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या मायनर लीग संघाकडून ३९ सामने, नऊ डावांमागे सरासरी ३.०० धावाच दिल्या. विशीपर्यंत ज्याने बेसबॉल धरलाही नव्हता त्याचे हे आकडे! तरी तिथून मेजर लीगपर्यंत मध्ये आणखी तीन पायऱ्या होत्या. मग कोपर गेलं. पिचर मंडळी जिला ‘टॉमी जॉन’ म्हणतात ती अस्थिबंधाची शस्त्रक्रिया २०१३मध्ये झाली, आणि पुन्हा लय सापडली नाही. डब्ल्यूडब्ल्यूईचा करार थेट २०१८चा. ‘वीर महान’ हे त्याचं कुस्तीतलं नाव त्यानंतरचं.

आणि ‘पहिला’ म्हणताना दिनेश पटेलला कुठे टाकलंत? तोही भालाफेकपटू, त्याच स्पर्धेत दुसरा. पायरेट्सने दोघांना एकत्रच घेतलं होतं. २०१०च्या अखेरीस त्याला सोडून दिलं, त्याच्यावर मात्र कुणी मजकूर फिरवत नाही.