काकांनी माझा बिटरेट काढला

काल नाशकात परत एम. जी. रोडला जाऊन आलो. गाडी लावायला जागा नाही म्हणून मेहेर सिग्नलपासून पायी, हातात ग्राफिक्स कार्डाचा खोका, परत करायला. घेतलं नाही. 'सील तुटलंय सर.' अरे मग सील न तोडता कार्ड बसवायचं कसं, मंत्र म्हणून?

मला गेम खेळताना लाइव्ह जायचं होतं. पीसी जुना, चौथ्या जनरेशनचा आय-५. दुकानातल्या पोराला स्वच्छ सांगितलेलं की स्ट्रीमिंगसाठी पाहिजे. 'बिनधास्त न्या, मख्खन चालेल.' नेलं, जीटी १०३०. घरी ओबीएस (लाइव्ह जायचं सॉफ्टवेअर) उघडून एन्कोडरच्या, म्हणजे व्हिडिओ दाबून पाठवण्याजोगा करणाऱ्यांच्या, यादीत एनव्हेंक (कार्डातला एन्कोडर) शोधतोय, वर खाली, वर खाली, नाहीच, कारण त्या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नसतो. मग सगळा बोजा प्रोसेसरवर, गेमचा झाला स्लाइड शो, खाली 'एन्कोडिंग ओव्हरलोडेड', आणि बघणारे तीन जण: एक मीच मोबाईलवरून, एक मावसभाऊ, तिसरा कोण होता ते कळायच्या आत निघून गेला.

तर काल काउंटरवर भांडण रंगात आलेलं आणि शेजारी स्टुलावर एक काका. निफाडकडचे, द्राक्षवाले, मांडीवर पिशवीत डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), रिपेअरला आणलेला.

"काय झालंय रे भाऊ?"

म्हणलं, काका, गेमिंगचं आहे, तुम्हाला नाही कळायचं. (इथे चुकलो.)

"बिटरेट किती ठेवलाय?"

बिटरेट म्हणजे दर सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सहा हजार केबीपीएस, म्हणजे सहा एमबीपीएस."

"अन् अपलोड किती येतं?"

"शंभरचा प्लॅन आहे."

"ते डाउनलोड. मी अपलोड विचारतोय."

आता प्रिंटरची शाई भरायला आलेली एक कॉलेजची मुलगी पण वळून बघायला लागली. म्हणलं, सात-आठ एमबीपीएस येतं, घरचे मोबाईलवर बसले की त्याहून कमी.

"म्हंजी पाईप अर्धा इंची आन् मोटर पाच एचपीची! फ्रेमा गळणार नाय तर काय? मी मळ्यातले आठ कॅमेरे सिमकार्डाच्या नेटवर बघतो. सबस्ट्रीम, म्हंजी हलकं चित्र, ५१२ वर. चोर दिसला म्हंजी झालं, त्याच्या मिशा मोजायच्यात का? तू सातशेवीस पिक्सेलला ये, सेकंदाला तीस फ्रेम, बिटरेट तीन हजार, सीबीआर, म्हंजी कायम तेवढाच."

ती मुलगी हसली. मी इंजिनियर आहे हो. कुठल्या ब्रँचचा ते जाऊ दे.

आणि हे कमी होतं म्हणून आतून रिपेअरवाला, हातात सोल्डरिंगची बंदूक, मान वर न करता म्हणाला, "तुमच्या आय-५ मध्येच इंटेलचा एन्कोडर, क्विकसिंक, आहे की. कार्ड लावल्यावर बायोसमध्ये, पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद पडलं असेल, चालू करा." म्हणजे पाहिजे ती वस्तू माझ्याकडे फुकट पडलेली होती आणि मी पैसे देऊन ती बंद करून घेतली! म्हणलं, मग विकतानाच का नाही सांगितलं? तर म्हणे, "विकणारा वेगळा, मी रिपेअरला."

याचा राग अजून गेलेला नाही. नाशकात मिसळवालासुद्धा नवीन माणूस दिसला की विचारतो, तिखट चालेल ना? एका प्लेटसाठी विचारतो हो. इथे हजारोंचा माल गळ्यात मारताना 'आधीचा प्रोसेसर कुठला' एवढं विचारायला जीभ झडते, आणि परत करायला गेलं की लगेच नियम, सही, शिक्का, खालच्या बारीक अक्षरात अमुक आणि तमुक. बिल मागितलं तेव्हा मात्र 'जीएसटीचं लागेल का सर?' असं हळूच विचारलं होतं, ते मला चांगलं लक्षात आहे.

घरी आलो, बायोसमध्ये जाऊन चालू केलं, क्विकसिंक निवडलं, सातशेवीस, तीस, तीन हजार. एक फ्रेम गळली नाही. काकांनी सांगितलेलं बरोबर निघालं याचंच जास्त दुखतंय.

निघताना त्यांनी लिंक मागितली होती, मी पण दिली, म्हणलं कशाला बघतायत. रात्री साडेनऊला बघणारे दोन. चॅटमध्ये पहिला मेसेज: 'पंखा बंद कर, माईकमध्ये येतोय.'

केला बंद. मे महिना चालू आहे.